खोडवा दरवर्षी दीड महिन्यात पिवळा पडतोय? युरियाचं पोतं फोडायच्या आधी खोरं घ्या

उसाची तोड झाली, टोळी पुढच्या रानात गेली, पाणी सोडलं, राहिलेल्या बुडख्यांतनं फुटवे पण बक्कळ आले (हाच खोडवा), आणि मग 40-45 दिवसांनी एके सकाळी बांधावर उभं राहावं तर अख्खं रान पिवळट. मग आपण काय करतो, दुकानात जातो, एकरी दोन पोती युरिया उचलतो, दुकानदार म्हणतो जोडीला एक डीएपी (नायट्रोजन-फॉस्फरसचं खत) पण असू दे, तेही घेतो, फेकतो, पाणी सोडतो. आठ-दहा दिवस हिरवं दिसतं, आपण खूष. पुढचं पाणी बसलं की परत पिवळं. परत पोतं. मी हे सलग चार वर्षं केलंय त्यामुळं शहाणपणा शिकवतोय असं समजू नका, आणि गंमत अशी की त्याच रानात लागणीला (नव्या कांड्या लावून केलेल्या उसाला) हा त्रास कधी झाला नाही, व्हायचा तो खोडव्यालाच.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की चार-पाच जण तरी फोटो पाठवून हेच विचारतात, म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवतो. आमचं रान कृष्णाकाठचं, काळी भारी जमीन, चुनखडी भरपूर, पीएच 8.2, सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.48 टक्के. कोकणातल्या तांबड्या मातीवाल्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं उचलू नका, तिकडचं गणित वेगळं आहे.

आधी पिवळं कुठलं ते बघा

फोटोत लांबून सगळं सारखंच दिसतं. रानात शिरून पान हातात घ्या. खालची जुनी पानं आधी पिवळी आणि वरचा पोंगा (शेंड्याची न उलगडलेली पानं) बऱ्यापैकी हिरवा, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. उलट पोंग्याजवळची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि मधे पांढरट-पिवळे लांब पट्टे, तर तो केवडा, म्हणजे लोह मिळत नाहीये, त्याच्यावर युरिया कितीही ओता. कोवळं पान शिरांसकट एकसारखं फिकं असेल तर गंधकावर संशय घ्या. एखाद्या-दुसऱ्या बेटातच गवतासारखे बारीक पांढरट फुटवे ढीगभर आलेत तर ती गवताळ वाढ, तो रोग आहे, ते बेट मुळासकट काढून रानाबाहेर न्यायचं, खताचा तिथं काही संबंध नाही. आणि बेट हातानं हलवलं की सहज उपटून हातात येत असेल तर खाली हुमणी (मुळं खाणारी अळी) बसलीये, ही पोस्ट सोडा आणि आधी तिचं बघा.

माझ्याकडं वरच्या दोन एकरांत पहिला प्रकार होता, आणि खालच्या अंगाला ओढ्याकडं, जिथं पाणी साचतं तिथं, केवडा. दोन वेगळी दुखणी, आणि मी दोन्हीवर एकच पोतं ओतत होतो.

मग खोरं

पाचव्या वर्षी मी पुढचं पोतं आणायच्या आधी खोरं घेऊन गेलो, एक चांगलं बेट आणि एक पिवळं बेट, दोन्हीच्या एका अंगाला हातभर खोल खांदलं. पिवळ्या बेटाखाली जुनी मुळं काळी-तपकिरी, ओढली की वरची साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. नवीन पांढरी मुळं जेमतेम चार-पाच आणि तीही बोटभर लांब. पण वरच्या दोन इंचात, पाचटाच्या (तोडीनंतर रानात राहिलेल्या वाळल्या पाल्याच्या) खाली, पांढऱ्या बुरशीची जाळी, गांडुळं, ओल, मातीला पहिल्या पावसासारखा वास. म्हणजे लोक म्हणतात तशी जमीन 'मेलेली' वगैरे अजिबात नव्हती, जमीन भलतीच कामात होती, उपाशी होता तो ऊस.

आणि दुसरी एक गोष्ट. आदल्या दिवशी फेकलेला युरिया पाचटावरच ओलीनं विरघळून चिकटलेला होता, उन्हं चढायला लागली तसं मी वाकून वास घेतला तर मुतारीसारखा उग्र वास आला. पोत्यातलं नत्र माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे नाकादेखत, हवेत चाललं होतं.

तर त्या वासाचं काय आहे ते सांगतो. मातीत युरिएज नावाचं एन्झाइम असतं (पुस्तकात त्याला विकर म्हणतात), ते युरियाचा दाणा फोडून त्याचं अमोनियम करतं, आणि उसाला मुख्यतः हे अमोनियम आणि पुढं त्याचं झालेलं नायट्रेट लागतं. हे एन्झाइम जिवाणू-बुरशी तयार करतात, झाडाच्या पाला-पाचोळ्यातही असतं, आणि जिवाणू मेला तरी त्यातलं बरंचसं चिकणमातीला आणि ह्युमसला चिकटून आपलं काम करत राहतं. म्हणजे 'माझ्या जमिनीत युरिया फोडायला जिवाणूच नाहीत' हे जे आपल्याला ऐकवलं जातं ना, तसं जवळपास कधीच नसतं, फोडणारे हवे त्यापेक्षा जास्तच असतात. विशेषतः पाचटावर. पाचटाच्या पृष्ठभागावर युरिएज मातीपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळं पाचटावर पडलेला दाणा खालच्या मातीत जायच्या आधीच फुटतो, फुटताना आजूबाजूचा पीएच अजून वर चढतो, आपली जमीन आधीच 8 च्या वर, वरून उन्हाळा, आणि मग अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. (हेच युरिएज 1926 साली जेम्स समनर या अमेरिकन माणसानं आपल्या अबईच्या भावकीतल्या एका शेंगेच्या बियांतून स्फटिकासारखं वेगळं काढलं होतं, एन्झाइम म्हणजे प्रोटीन असतं हे कुणी मानायला तयार नव्हतं तेव्हा, आणि त्याला 1946 ला नोबेल मिळालं. मला हे वाचून भारी वाटलं होतं म्हणून सांगितलं, खोडव्याला याचा उपयोग नाही.)

इथं एकजण हमखास म्हणतो की आता तर सगळा युरिया नीम कोटेड येतोय, मग उडेल कसा. 2015 पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निंबोळी तेल लावलेलाच असतो हे खरं, पण निंबोळी मुख्यतः पुढची पायरी हळू करते, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना थोडं थोपवते जेणेकरून नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जाऊ नये. वर उघड्यावर पडलेल्या दाण्यातनं वायू उडायचा तो उडतोच.

आबांचा मुद्दा, जो खोडून काढता येत नव्हता

आमचे आबा एक वाक्य दरवर्षी ऐकवायचे, "आम्ही पाचट पेटवत हुतो तवा खोडवा कधी पिवळा पडला नाय बघ." मी चिडायचो, आबा पाचट पेटवणं चुकीचं आहे, सगळे सांगतात, वगैरे. पण आबांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं आणि ते बरोबर का होतं हे कळायला मला फार वेळ लागला.

एकरात साधारण 3 ते 4 टन पाचट पडतं. त्यात कर्ब 40 टक्क्यांच्या आसपास आणि नत्र अर्धा टक्का. म्हणजे 80 किलो कर्बाला 1 किलो नत्र. पाचट कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीला स्वतःचं शरीर बांधायला 8-10 किलो कर्बाला 1 किलो नत्र लागतं. आता ढोबळ हिशोब करू, हा माझा आहे, कागदावर केलेला. साडेतीन टन पाचट, म्हणजे 1400 किलो कर्ब. पहिल्या दोन महिन्यांत त्यातलं तिसरा हिस्सा कुजलं असं धरू, म्हणजे 470 किलो. यातला बराच कर्ब श्वासावाटे हवेत जातो, तिसरा हिस्सा, म्हणजे 155 किलो, जिवाणूंच्या अंगी लागतो. त्याला नत्र लागणार 17 किलोच्या आसपास. कुजलेल्या पाचटानं स्वतः दिलं 6 किलो. उरलेलं 11 किलो कुठनं आणायचं? मातीतनं आणि तुमच्या डोसमधनं. उसाच्या आधी. कारण बुरशीची जाळी सगळीकडं पसरलेली असते आणि त्या वेळी उसाचं मूळ बोटभर असतं, पंगतीला कुणाचा हात आधी पोचणार तुम्हीच सांगा.

पाचट पेटवलं की हा कर्बच जळून जातो, खाणारं कुणी उरत नाही, नत्र उसाला मिळतं, खोडवा हिरवागार. आबांचं खरं. फक्त त्याच आगीत पाचटातलं नत्र पण जातं, गंधक जातं, आणि कर्ब तर जातोच जातो.

आणि हे नत्र बुरशीनं खाल्लं म्हणजे ते गेलं असं नाही बरं का. ते त्यांच्या शरीरात अडकून राहतं, जिवाणू मरतात, त्यांना खाणारे दुसरे बारीक जीव असतात, ते खाऊन जादाचं नत्र परत मातीत सोडतात. आमच्याकडं दरवर्षी जूनच्या शेवटी-जुलैला तोच पिवळा खोडवा आपोआप काळाभोर व्हायचा आणि सगळे म्हणायचे पावसाचं पाणी मानवलं. पाऊस होताच, पण मार्चमध्ये अडकलेलं नत्र पण तेव्हा सुटत होतं. तोपर्यंत फुटव्यांचा काळ निघून गेलेला, मग उंची वाढून काय उपयोग, बेटात ऊसच कमी.

लागणीला का होत नाही

याचं उत्तर मुळात आहे, शब्दशः. मूळ म्हणजे नुसती पाणी ओढायची नळी नसते. पानात तयार झालेल्या साखरेतला बराचसा भाग मूळ बाहेर मातीत सोडत असतं, साखर, सेंद्रिय आम्लं, चिकट द्रव, आणि त्यावर जगणारे जिवाणू मुळाच्या अगदी भोवती, एक-दोन मिलिमीटरच्या थरात, बाकीच्या मातीपेक्षा दहापट ते शंभरपट जास्त असतात. या थराला लोरेन्झ हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1904 मध्ये रायझोस्फिअर असं नाव दिलं. तिथंच बहुतेक एन्झाइमचं काम सगळ्यात जोरात चालतं, कारण तिथंच खायला असतं.

आता तोडीला कोयता बसला की काय होतं विचार करा. वरची सगळी पानं एका दिवसात गेली. साखर यायची बंद. जुनी मुळं काही आठवडे तग धरतात आणि मग मरत जातात, नव्या फुटव्याला स्वतःची मुळं यायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात मुळाभोवतीची ही सगळी वस्ती बेवारस. तिला खायला मिळतं ते जुनं मेलेलं मूळ आणि वरून आलेलं पाचट, दोन्हीत कर्ब जास्त नत्र कमी. लागणीत तयार रान असतं, न कुजलेला माल फारसा नसतो, कांडीत साठवलेलं अन्न असतं आणि मूळ पहिल्यापासून स्वतःचं. म्हणून एकच रान दोन वेळा दोन प्रकारं वागतं.

केवडा पण याच कारणानं खोडव्यालाच जास्त. ऊस गवताच्या कुळातला, गहू-ज्वारी-मक्यासारखा, आणि या कुळातली मुळं लोह मिळवायला एक खास पदार्थ बाहेर सोडतात, तो मातीतलं न विरघळणारं लोह धरून परत मुळात आणतो. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, ते धरून आणणारं कोवळं, जिवंत मूळ नसतं. त्यात पाणी साचलेलं असलं की मुळाला हवा नाही आणि मातीतलं बायकार्बोनेट वाढतं, म्हणजे दुहेरी मार. माझ्या ओढ्याकडच्या तुकड्याचं हेच.

डीएपीचं एक पोतं 'असू दे' म्हणून

इथं मी जरा कडक बोलणार आहे. माझ्या मातीच्या रिपोर्टात स्फुरद (फॉस्फरस) 'अत्यंत जास्त' लिहून आलं होतं आणि तरी मी दर खोडव्याला डीएपी टाकत होतो कारण टाकायची सवय. 1350 रुपयांचं पोतं. पैसे जातात ते जातातच, पण मातीत काय होतं तर, मातीत बरंच स्फुरद सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं, ते सोडवायला मुळं आणि जिवाणू फॉस्फटेज एन्झाइम सोडतात, आणि आयतं स्फुरद भरपूर मिळायला लागलं की हे एन्झाइम तयार करणं कमी होतं, मुळाशी राहणारी मायकोरायझा बुरशी पण मुळात कमी शिरते, कारण उसाला तिची गरजच वाटत नाही, फुकट साखर कशाला द्यायची. त्या बुरशीच्या धाग्यांवाटे जस्तही येत असतं. ते पण कमी होतं. वरनं टाकलेलं स्फुरद आपल्या जमिनीत चुन्याबरोबर बांधलं जातं. म्हणजे पोतं टाकून आपण आतलं कुलूप लावतो आणि बाहेरून चावी विकत आणतो.

रिपोर्टात स्फुरद खरंच कमी असेल तर टाकाच, मी डीएपीच्या विरोधात नाही. खतानं जिवाणू मरतात हे जे सरसकट पसरवलं जातंय ते मला पटत नाही. देशात 1970 पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत, आपल्याकडं अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीत ज्वारी-गव्हावर 1988 पासून चालू आहे, आणि अशा प्रयोगांतनं पुन्हा पुन्हा एकच दिसतं की ज्या वाफ्याला काहीच दिलं नाही त्यापेक्षा संतुलित नत्र-स्फुरद-पालाश दिलेल्या वाफ्यात जिवाणू आणि एन्झाइम जास्त असतात, शेणखत जोडीला असेल तर सगळ्यात जास्त, आणि नुसतं नत्रच देत गेलं की मागं पडतात. कारण सोपं आहे, पीक जोमात म्हणजे मुळं जास्त, मुळं जास्त म्हणजे जिवाणूंना खायला जास्त. खत जिवाणूंपर्यंत बहुतेक मुळाच्या वाटेनं पोचतं. मूळ नसताना फेकलेलं खत ही वेगळीच गोष्ट, आणि आपण नेमकं तेच करत होतो.

बनियनचा प्रयोग

जमिनीच्या आरोग्यपत्रिकेत 12 गोष्टी तपासून येतात, पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. जिवाणूंचं किंवा एन्झाइमचं त्यात काही नसतं. विद्यापीठाच्या लॅबमध्ये डिहायड्रोजनेज म्हणून एक टेस्ट करतात, हे एन्झाइम फक्त जिवंत पेशीतच काम करतं, त्यामुळं मातीत एक बिनरंगी द्रावण घालून ठेवतात आणि जितकी जिवंत हालचाल जास्त तितका लाल रंग गडद येतो. मस्त टेस्ट आहे पण आपल्यासारख्याला गावात कोण करून देणार.

म्हणून आबांशी पैज लावून मी जुन्या तीन सुती बनियन पुरल्या. 100 टक्के सुती पाहिजे, कारण सूत म्हणजे सेल्युलोज, आणि ते खाणारं एन्झाइम जिथं जास्त तिथं कापड लवकर संपणार. एक पाचट पेटवलेल्या पट्ट्यात (आबांच्या हट्टानं चार सऱ्या पेटवल्या होत्या), एक पाचट ठेवलेल्या सरीत, एक ओढ्याकडच्या साचणीत. सगळ्या वीतभर खोल, खूणगाठ म्हणून काठीला लाल चिंधी. दोन महिन्यांनी काढल्या. पाचटाच्या सरीतली बनियन म्हणून जे हातात आलं ते खांद्याची आणि काखेची शिवण होती फक्त, कारण शिवणीचा धागा पॉलिस्टरचा असतो, बाकी कापड गायब, आणि शिवणीतनं पांढरी मुळं आरपार गेलेली. पेटवलेल्या पट्ट्यातली जाळीदार झालेली पण बनियन म्हणून ओळखू येत होती. साचणीतली निळसर-काळी, घाण वास मारणारी, पण जवळपास अख्खी. धुतली असती तर घालता आली असती, असं मी म्हणालो आणि आई म्हणाली घालून दाखव.

हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे, ओल, खोली, कापड सगळ्यात फरक पडतो, पण एकाच रानात एकाच दिवशी तीन ठिकाणी पुरलं तर तुलना करता येते. आबा ती शिवण हातात धरून बराच वेळ बघत होते. त्या वर्षीपासून पेटवायचं नाव काढलं नाही.

आता करतो काय

तोड झाल्यावर बुडख्यावरचं पाचट बाजूला ओढून सरीत दाबतो, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटतो, म्हणजे फुटवा जमिनीखालच्या डोळ्यातनं येतो आणि त्याला स्वतःची मुळं लवकर सुटतात. हे छाटणं लोक कंटाळ्यापायी सोडतात आणि माझ्या मते अर्धा पिवळेपणा तिथंच ठरतो.

मग पाचटाला त्याचा वाटा आधी द्यायचा. एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं कल्चर, ही शिफारस जुनी आहे, हेक्टरी 80, 100 आणि 10 किलो अशी छापलेली असते. 32 किलो युरियात नत्र होतं 14.7 किलो. वरचा 11 किलोचा हिशोब आठवा. मला आधी वाटायचं हा आकडा कुणीतरी असाच लिहिलाय. हे टाकून लगेच पाणी, म्हणजे दाणा वर राहत नाही.

इथं माझी एक चूक सांगतो. छाटलेल्या बुडख्यावर कार्बेन्डाझिम फवारतात, लिटरला 1 ग्रॅम, बुडख्यातनं रोग शिरू नये म्हणून. मी मजुराची एक फेरी वाचवायला कल्चर आणि कार्बेन्डाझिम एकाच दिवशी एकाच पंपानं मारलं, पाचट-बुडखे सगळीकडं. कल्चरमध्ये मुख्य असते बुरशी आणि कार्बेन्डाझिम आहे बुरशीनाशक. पैसे देऊन आणलेले कामगार मीच गेटवर मारले, आणि वर चार महिने कल्चर विकणाऱ्याला शिव्या देत होतो. आता औषध फक्त बुडख्यावर, आणि कल्चर पाच-सहा दिवसांनी शेणखताच्या चुऱ्यात मिसळून फक्त पाचटावर.

उसाचा स्वतःचा डोस मात्र पहारीनं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची ही पद्धत आहे, वापसा (चिखल नाही, पण ओल आहे) असताना बुडख्यापासून 10-15 सेंमी लांब पहारीनं 10-15 सेंमी खोल भोक, दोन भोकांत फूटभर अंतर, त्यात खत घालून माती ढकलायची. पहिला अर्धा डोस 15 दिवसांच्या आत एका अंगाला, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या अंगाला. खत पाचटाच्या खाली जातं, तिथं पाचटाचं युरिएज पोचत नाही, फुटलेला अमोनिया वरच्या मातीत धरला जातो, बुरशीच्या जाळीपासून लांब आणि नव्या मुळाच्या वाटेवर. काम कंटाळवाणं आहे, मजूर नाकं मुरडतात, एकराला माणसं लागतात. पण बुडख्याला खेटून भोक पाडू नका, लई जवळ गेलं की त्या अमोनियानंच कोवळं मूळ करपतं, ते मी दोन सऱ्यांत करून बघितलंय. ठिबक असेल तर पहार सोडा, दर आठवड्याला थोडं थोडं सोडा, तेच उत्तम.

स्फुरदासाठी रिपोर्ट बघतो. मी तीन खोडव्यांत सुपर सोडून स्फुरद दिलं नाही, फरक पडला नाही. सुपरमधनं गंधक मिळतं ते वर आणि.

केवड्याला हिराकस (फेरस सल्फेट). 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, त्यात लिंबाचं सत्त्व चिमूटभर टाकलं की द्रावण तांबडं पडत नाही, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फवारण्या, संध्याकाळी. जमिनीत द्यायचं तर एकरी 10 किलो शेणखतात आठवडाभर मुरवून, नुसतं फेकलं तर चुनखडीत दोन दिवसांत गंज होऊन बसतं.

बाटलीतल्या जिवाणूंचं विचारतात सगळे. ॲसेटोबॅक्टर हा उसाच्या आत राहून हवेतलं नत्र धरणारा जिवाणू, ब्राझीलमध्ये 1988 ला उसातच सापडला, त्याची बेणेप्रक्रिया (लावायच्या कांड्या त्याच्या द्रावणात बुडवणं) लागणीला करा, जरूर करा, पण त्याची शिफारसच नत्र कमी करून वापरायची आहे. आपण जिवाणू पण लावतो आणि वर पोती पण तेवढीच टाकतो, जास्त नत्र असलं की तो उसात कमी वाढतो, मग म्हणायचं बाटली बोगस होती. काही बोगस असतातही, ते वेगळं. ठिबकच्या टाकीत युरियाच्या घट्ट द्रावणात मात्र कुठलेच जिवाणू ओतू नका, वेगळ्या दिवशी सोडा.

वरच्या दोन एकरांत आता दोन खोडवे झाले, 45 व्या दिवशी पिवळं दिसत नाही, थोडं फिकं होतं आणि सावरतं, तेवढ्यावर मी पोतं आणत नाही. युरिया एकरी दीड पोतं कमी लागला. ओढ्याकडचा तुकडा मात्र अजून हटत नाही, केवडा दरवर्षी येतोच, हिराकसनं तात्पुरता जातो. तिथं खतानं काही होणार नाही हे कळून चुकलंय, चर काढून पाणी बाहेर घालवायला पाहिजे, आणि चराची वाट चुलत्यांच्या रानातनं जाते. चुलत्यांशी बोलणं चालू आहे. त्यांचा खोडवा पण तिथंच पिवळा असतो, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांच्या बांधालगत पण एक बनियन पुरून आलोय.